ताटाची साक्ष

मेल्बा सुमागायसाय रोज सकाळी भात चुलीवर ठेवायची आणि तो शिजेपर्यंत साठ माणसांना जागं करायची. त्यातला एकही खरा नव्हता. कुणी टिग्बाउआनचा निवृत्त मास्तर, कुणी गिंबालची विधवा, कुणी परदेशात नर्स असलेली पोरगी. सगळे तिच्या दोन मोबाईलमध्ये आणि एका जुनाट लॅपटॉपमध्ये दाटीवाटीने राहायचे. कुणाला कोंबड्यांची हौस, कुणाचे गुडघे दुखायचे, कुणी सुनेवर रुसलेलं. भाताला कढ येईपर्यंत निम्म्यांनी 'सुप्रभात' म्हणून झालेलं असायचं, उरलेल्यांनी कुठल्याशा साबणाला, रिसॉर्टला नाही तर नगरसेवकाला मत दिलेलं असायचं.

हे सगळं चालायचं 'बालाय'वर. बालाय म्हणजे आमच्या इलोइलोच्या बोलीत घर. या जाळ्याला मालक नाही. गावोगावचा कुणी हौशी माणूस आपल्या घराच्या कोपऱ्यात एक यंत्र चालू ठेवतो आणि त्या गावची माणसं तिथे लिहितात, फोटो टाकतात, भांडतात. अशी बरीच घरं एकमेकांना जोडलेली. काय वर दिसायचं आणि काय तळाला जायचं, ते लोकांच्या मतांवर ठरतं. मालक नाही म्हटल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं होतं. पण मालक नाही तिथे राखणदारही नसतो, हे आर्डीसारख्यांच्या आधी लक्षात आलं. आर्डी मतं विकायचा. मेल्बा त्याच्याकडे कामाला होती.

काम तिचं नीटनेटकं. स्पॅनिश अमदानीत आमच्याकडे आडनावं वाटली गेली ती गावाच्या हिशोबाने, त्यामुळे टिग्बाउआनचा माणूस ट-वरून आणि गिंबालचा ग-वरून, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मनिलात बसून खोटी माणसं घडवणारे नेमके इथे आपटतात. मेल्बाची गिंबालची विधवा होती गेनोदेपा, तिच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. शिवाय मेल्बाची सगळी माणसं अतिशय आभारी. कुणी फोटोला चांगलं म्हटलं, सलामात, म्हणजे आभारी आहे. कुणी रस्ता सांगितला, सलामात. कुणी शिवी दिली तरी सुधारणेबद्दल सलामात. आभार मानणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि इलोइलोच्या गोडबोल्या माणसांत ते खपूनही जायचं.

तिचा नवरा रेनांते जहाजावर आचारी. बालायवरच्या मोलो भागाच्या घरातला तो अगदी जुना माणूस. ते घर सुरूच झालं होतं खलाशांसाठी, बायकापोरांशी बोलता यावं म्हणून. रेनांते रोज काय रांधलं त्याचा फोटो टाकायचा आणि खाली एखादा पाणचट विनोद. 'आज कप्तानाने तीनदा वाढून घेतलं. कप्तान ग्रीक आहे, त्याला काय कळतंय.' लोक त्याला चिडवायचे, तो उलट चिडवायचा. हा आचारी असून याला कोळंबी चालायची नाही, खाल्ली की तोंड भोपळ्यासारखं सुजायचं, आणि त्या सुजलेल्या तोंडाचाही त्याने एकदा फोटो टाकला होता. मेल्बाचं काम त्याला माहीत होतं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला:

"काय गं, तुझी माणसं जेवली का?"

"जेवली. तुझी गेनोदेपा तेवढी रुसून बसलीये."

"म्हातारीला सांग, मी आलो की तिला नाचायला नेतो."

महासाथीच्या वर्षी रेनांतेचं जहाज कुठलंच बंदर आत घेईना. त्या पाण्यातच एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. कितीतरी आठवड्यांनी राख आली, तीही एका डब्यातून. तोंड बांधलेल्या माणसाने डबा उंबऱ्यावर ठेवला, लांबूनच सही घेतली आणि तो निघून गेला. तेव्हा मेल्बाच्या अरेवालोतल्या गल्लीत कुणी घराबाहेर पडू शकत नव्हतं. एरवी आमच्याकडे मयत झालं की दारात मांडव पडतो, रात्रंदिवस लोक बसतात, पत्ते खेळतात, कॉफी-बिस्किटं होतात, कढई उतरत नाही. परतताना कुणी सरळ घरी जात नाही, वाटेत कुठेतरी टेकतात, मेलेला पाठोपाठ येऊ नये म्हणून. रेनांतेच्या वेळी यायलाच माणसं नव्हती, तर परतणार कोण? शेजारच्या नांग सोलेदादने, म्हणजे सोलेदादताईने, कुंपणावरून भाताचं भांडं पुढे केलं. मेल्बाने ते घेतलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. मयताच्या घराने आभार मानायचे नसतात, पाहुण्याला दारापर्यंत सोडायचं नसतं. तसं केलं तर मरण पुन्हा त्याच दाराशी येतं म्हणतात.

पोरबाळ नव्हतं, सासू-सासरे कधीच गेलेले. ती रडली नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं. नऊ दिवसांचा जप तिने एकटीने केला, आणि साबणाचं काम चालू होतं तेही केलं, कारण बाकी करण्यासारखं काही नव्हतं. जप संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी रेनांतेच्या नावाने एक ओळ आलेली दिसली. मोलोचं घर चालवणाऱ्या नोंग दुल्फोची, म्हणजे दुल्फोदादाची: 'रेनान, आहेस कुठे? बातुआन संपलं की काय?'

दुल्फो जहाजावर रेडिओवाला होता, आता निवृत्त. त्याची आणि रेनांतेची गाठ कधी पडली नव्हती. दोनदा भेटायचं ठरलं आणि राहिलं. दोघांचं भांडण मात्र अखंड चालायचं, कडियोसच्या कालवणात आंबटपणाला बातुआनचं फळच हवं की चिंच चालते यावरून. दुल्फो मोलोचा असून चिंचेच्या बाजूचा, म्हणून त्याला रेनांतेने वाळीत टाकलं होतं. त्या ओळीला मेल्बाला उत्तर द्यायचं होतं की रेनांते गेला. दोन शब्द लिहायचे होते. ते हातून उतरेनात. मग तिने रेनांतेच्या अकाउंटवरून लिहिलं, 'ड्युटी फार आहे नोंग.'

ती ओळ गेली आणि रेनांते जहाजावरच राहिला. महिन्यातून एखादा जुना फोटो, एखादा विनोद. लोक हसायचे. मेल्बाला ना बरं वाटायचं, ना वाईट. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं तिचं सगळंच होऊन बसलं होतं, आणि ते उतरण्याची वाट बघणंही तिने सोडून दिलं होतं.

पुढे बालायवर खोटी माणसं फार माजली, तेव्हा घराघरांनी मिळून एक नियम केला: प्रत्येकाला कुणातरी जुन्या माणसाची साक्ष हवी, आणि साक्ष द्यायची ती फक्त ज्याच्याबरोबर एका टेबलावर जेवला असाल त्याचीच. लोक त्याला ताटाची साक्ष म्हणायला लागले. आर्डी मोटरसायकलवरून धावत आला.

"नांग मेल्बा, आता गं? आपली सगळी माणसं उपाशी."

"मग?"

"मग काय, तुझ्या नवऱ्याचं अकाउंट सगळ्यांत जुनं. तो जेवला म्हणाला की कोण नाही म्हणणार?"

तिने साठच्या साठ जणांची साक्ष रेनांतेच्या नावाने दिली. दुपारचं काम होतं, संध्याकाळी संपलं. मेलेल्या नवऱ्याच्या तोंडून आपण साठ खोट्या शपथा घेतल्या, हे तिला कळत होतं. कळूनही काही झालं नाही. तिने भांडी घासली आणि झोपली.

त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. गेल्या मार्चात एका सकाळी भाताला कढ आला असताना मोलोच्या घराच्या अगदी वर, सगळ्यांना दिसेल असा दुल्फोचा मजकूर झळकला. त्याने सरळच लिहिलं होतं. रेनांते सुमागायसाय चार वर्षांत एकदाही किनाऱ्यावर उतरलेला नाही. मग त्याने साठ माणसांबरोबर जेवण कुठे केलं, समुद्राच्या तळाशी? आपल्याला वाटतं, हा माणूस नव्हताच. कुणीतरी पहिल्यापासून रचलेलं सोंग आहे. नियमाप्रमाणे तीन दिवस मतं घेऊ. सोंग ठरलं तर त्याचं पान सगळ्या घरांतून पुसलं जाईल, वर तसं लिहिलं जाईल, आणि त्याने ज्यांची साक्ष दिली ते सगळे बाहेर.

मेल्बाने ते दोनदा वाचलं. साठ जण गेले तर आर्डीचं काम जाणार, ते जाऊ दे, दुसरं मिळेल. फोटो तिने केव्हाच उतरवून ठेवले होते. पण रेनांते चार माणसांत माणूस म्हणून उरला होता तो फक्त तिथे. त्याला मांडव मिळाला नाही, कुणी त्याच्या उशाशी पत्ते खेळलं नाही, कुणी त्याची टिंगल करत कॉफी प्यायलं नाही. त्याच्यावर हसलेली, त्याच्याशी भांडलेली माणसं सगळी त्या घरात. आणि त्या घराच्या भिंतीवर आता लिहिलं जाणार होतं की हा नव्हताच. मेलेल्या माणसाचं पान बालायवर कुणी पुसत नाही, नावाशेजारी मेणबत्ती लावून ठेवून देतात. घरच्यांनी फक्त एकदा कळवायचं असतं. तेवढंच तिला चार वर्षं जमलं नव्हतं. आणि आता कळवायचं, तर साठ साक्षी कुणी दिल्या तेही सांगावं लागणार. नवऱ्याची राख घरात असताना त्याचं नाव भाड्याने देणारी बाई म्हणून सगळं अरेवालो तिला ओळखणार.

भात लागल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

आर्डी त्याच दुपारी आला. अंगाला अत्तराचा घमघमाट, हातात बार्किल्योंचा डबा. बार्किल्यो म्हणजे आमची गुंडाळलेली कुरकुरीत बिस्किटं, आर्डीला काही हवं असलं की तो हमखास आणायचा.

"चेहरा काय उतरवलायस नांग? अगं, मतंच घ्यायचीत ना? मतं तर आपली पोटापाण्याची गोष्ट."

"साठही जणांची साक्ष त्याचीच आहे. त्यांची मतं धरतील?"

"निकाल लागेपर्यंत धरावीच लागतील. नियम त्यांचाच. मालक नाही ना, मग अडवणार कोण?" तो खुशीत आला होता. "त्या दुल्फोला वर्षभरात शंभर जणांनी शिव्या घातल्यात, हे यंत्र हळू आहे म्हणून. तू आपल्या लोकांना लिहायला लाव, रेनांतेबरोबर जेवलो, असं असं खाल्लं. जरा डोळ्यांत पाणी येईल असं. तुला जमतं ते."

"तो मेलाय."

"माहीत आहे गं. पण कागदोपत्री नाही ना मेला. तेच आपलं भांडवल." मग त्याला आपणच काय बोललो ते ऐकू आलं असावं. त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "घे. ताजे आहेत."

"सलामात, सर," मेल्बा म्हणाली. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोराला ती सर म्हणायची, ते तिला कधी खटकलंही नव्हतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिची माणसं जेवली. टिग्बाउआनच्या मास्तराने लिहिलं की रेनांते आमच्या अंगणात बसून बोकडाचं मटण खाऊन गेला आणि हाडं आमच्या कुत्र्याला घालून गेला. परदेशातल्या नर्सने लिहिलं की बंदरावर त्याने मला आपल्या हातचं आदोबो भरवलं, मी आईच्या आठवणीने रडले. कुणाच्या बारशाला तो आला होता, कुणाच्या गावच्या जत्रेत त्याने अख्खं डुक्कर भाजलं होतं. मेल्बाचा हात सराईत होता. चौथ्या-पाचव्या साक्षीनंतर खरी माणसंही विरघळली. एक खलाशी म्हणाला, मला वाटतं मीही त्याच्याबरोबर जेवलोय, सिंगापूरला, चेहरा आठवत नाही पण माणूस मोठा दिलदार. मतं भराभर रेनांतेच्या बाजूला झुकली. दुल्फोला लोक म्हातारचळ लागला म्हणायला लागले.

गिंबालच्या गेनोदेपाची साक्ष तिने शेवटाला ठेवली होती. म्हातारीने लिहिलं की रेनांते तिच्याकडे जेवायला आला होता. तिने लसूण घालून कोळंबी केली होती, आणि गड्याने टोपलीभर फस्त केली.

मजकूर पुढे गेला. त्यावर लोकांच्या हसण्याच्या खुणा आल्या. कुणीतरी लिहिलं, असाच होता आपला रेनान, खादाड. मेल्बा ते बघत राहिली. त्याच्या तोंडाला भोपळा व्हायचा ते ती विसरली होती. ती स्वतः विसरली होती, आणि तिथल्या एकालाही आठवलं नव्हतं. बोकड खाणारा, बाळाला खेळवणारा, टोपलीभर कोळंबी हाणणारा कुणीतरी भलताच माणूस जिंकत होता. उद्या संध्याकाळी तो खरा ठरणार होता, साठ खोट्यांच्या मतांनी. दुल्फो म्हणतो त्याप्रमाणे तिचा रेनांते नाहीसा होणारच होता, फक्त त्याच्या जागी एक सोंग बसणार होतं, आणि ते तिने आपल्या हाताने रंगवलं होतं.

तिने खऱ्या जेवणाची एक साक्ष लिहायला घेतली, रेनांते खरोखर इथे, या टेबलावर जेवला होता त्याची. कुठल्या नावाने लिहावी ते सुचेना. बराच वेळ बसून तिने यंत्र मिटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात साठी उलटलेला एक बुटका माणूस, डोक्यावर खलाशाची विटकी टोपी, हातात बिस्कोचोच्या टोस्टांचा पुडा.

"सुमागायसायचं घर ना? मी दुल्फो. मोलोचा."

मेल्बा बाजूला झाली. तो आत आला, चपला दाराशी काढल्या, पुडा टेबलावर ठेवला. ती सवयीने म्हणाली, "सलामात, नोंग." त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मग खुर्ची ओढून घेतली.

"घर कसं सापडलं?"

"सहा वर्षांपूर्वी मी त्याला पिशवीभर बातुआन पाठवलं होतं, जीपनीवाल्याच्या हाती. हरलो होतो ना पैजेत. पत्ता तेव्हाचा." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "इंदाय, पोरी, तू त्याची कोण?"

"बायको."

"आणि तो?"

मेल्बाने भिंतीकडच्या फळीकडे पाहिलं. तिथे डबा होता, शेजारी सांत निन्योची मूर्ती, प्लॅस्टिकची फुलं. दुल्फोने वळून पाहिलं.

"म्हणजे चार वर्षं मी कुणाशी भांडत होतो?"

"माझ्याशी."

"चिंचेवरून?"

"त्याच्या जुन्याच ओळी फिरवून द्यायचे मी. मला बातुआनचं एवढं काही नाही."

"मला वाटलंच," दुल्फो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चढला. "त्याच्या शिव्यांतली मजाच गेली होती. मी म्हणायचो, माणूस म्हातारा झाला, दमला. अगं, मी त्याच्यासाठी नोव्हेंबरात देवळात दिवा लावायचो, समुद्रावर आहे, सुखरूप राहू दे म्हणून. तुला एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"रोज वाटायचं."

तो सरळ तिला झोडायच्या तयारीने आला होता, आणि झोडायला समोर कुणी उभंच राहत नव्हतं. त्याने खिशातून मोबाईल काढला, पुन्हा ठेवून दिला.

"मनिलाच्या घरातल्या पोरांनी काल तुझ्या साठ जणांची मापं काढून मला पाठवली. कोण कधी काय लिहितं, कुठला शब्द किती वेळा येतो ते. सगळे बरोबर उठतात, बरोबर निजतात, ते तर दिसतच होतं. पण मधले काही दिवस वेगळे होते. चार वर्षांपूर्वी. साठही जण लिहितायत, साबण विकतायत, मतं देतायत. फक्त सलामात नाही. एकही नाही. कुणाच्याच तोंडी. पोरं म्हणाली, तेवढे दिवस यंत्र बिघडलं असेल."

मेल्बाने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"किती दिवस ते मी मोजले," दुल्फो म्हणाला. "नऊ. दहाव्या दिवशी सगळे पुन्हा आभार मानायला लागले, आणि त्याच दिवशी रेनानने मला लिहिलं, ड्युटी फार आहे. मी आपला बसलो होतो मागच्या खोलीत, बायको म्हणाली, काय झालं, तोंड का असं केलंस? मी म्हटलं, काही नाही, एका घरात मयत झालंय. साठ माणसं बसलीयेत, आणि मी गेलोच नाही."

मेल्बाला हे माहीत नव्हतं. त्या दिवसांत आपण काय लिहिलं यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. मयताचं घर होतं म्हणून तो शब्द हाताने आपणहून गाळला असणार. तिच्याबरोबर टिग्बाउआनच्या मास्तराने गाळला, नर्सने गाळला, म्हाताऱ्या गेनोदेपाने गाळला. म्हणजे रेनांतेजवळ कुणी बसलं नव्हतं असं नव्हतं. तिला पाणी प्यावंसं वाटलं.

"तू जिंकतेयस," दुल्फो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तो खरा ठरेल. मी ही मापं सगळ्यांपुढे टाकू शकतो, मग तो खोटा ठरेल. मला दोन्ही नको आहे. तो कोळंबी खात नव्हता गं. फोटो होता त्याचा."

"तुम्हाला आठवतं?"

"ते थोबाड विसरतो कोण?" तो टोपीशी चाळा करत राहिला. "मी लिहायला तयार आहे की तो होता, आणि गेला. पण नियम मीच केलाय. त्याच्या टेबलावर जेवल्याशिवाय मला त्याची साक्ष देता यायची नाही."

मेल्बा उठली. सकाळचं कडियोस पातेल्यात होतं, तुरीच्या ओल्या काळ्या दाण्यांचं, डुकराचं मांस आणि कच्चा फणस घालून. तिने ते गरम केलं, भात वाढला, त्याच्यासमोर ताट ठेवलं. एक आपल्यासाठी घेतलं. दुल्फोने पहिला घास खाल्ला आणि थांबला. आमसुलासारखा, पण जरा तुरटसा आंबटपणा जिभेवर आला होता.

"बातुआन," तो म्हणाला.

"मागच्या झाडाचं. त्याने लावलेलं."

"चिंच बरी लागते," दुल्फो म्हणाला, आणि त्याने खाली बघून भराभर जेवायला सुरुवात केली. मधे एकदा त्याने डोळे टोपीने पुसले. मग त्याला एक गोष्ट आठवली. रेनांतेने कप्तानाच्या वाढदिवसाला केकमध्ये साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि वर लिहिलं होतं 'समुद्राची चव'. मेल्बाला ती माहीत नव्हती. तिने विचारलं, मग कप्तान काय म्हणाला? दुल्फोने सांगितलं. मग तिनेही एक सांगितली. दोघांनी पुन्हा भात घेतला.

जेवण झाल्यावर तो उठला. फळीसमोर जाऊन क्षणभर उभा राहिला, क्रुसाची खूण केली. चपला घातल्या. मेल्बा खुर्चीतच बसून राहिली. ती दारापर्यंत गेली नाही, आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्यानेही वाट पाहिली नाही, मागे वळून बघितलं नाही.

खिडकीतून तिला दिसलं, मोलोला जाणारी जीपनी समोरच थांबली होती, पण तो चढला नाही. विरुद्ध बाजूला वळून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला, एक पाव घेतला आणि बाकड्यावर बसून सावकाश खात बसला. इतकं जेवून त्याला भूक लागली असणं शक्य नव्हतं. तो उठून पुढच्या जीपनीत चढेपर्यंत ती खिडकीशी उभी होती.

मग तिने यंत्र उघडलं. स्वतःच्या नावाचं एक अकाउंट होतं तिचं, त्यावर कधी काही लिहिलं नव्हतं, फोटोही नव्हता. तिथे तिने लिहिलं: 'रेनांते गेला. चार वर्षांपूर्वी, समुद्रावर. मी त्याची बायको. ते साठ जण मी होते.' मग साठही जणांना एकेक करून उघडलं आणि प्रत्येकाचं मत मागे घेऊन, आपल्याला बाहेर काढा, असं लिहून टाकलं. गेनोदेपाशी जरा थांबली. मग तिचंही घेतलं.

आर्डीचे फोन येत राहिले. तिने घेतले नाहीत.

दुल्फोची साक्ष वर आली, एका ओळीची: आज त्याच्या घरी जेवलो, कडियोसमध्ये बातुआन होतं. रेनांतेच्या नावाशेजारी मेणबत्ती लागली. खाली माणसं यायला लागली. काहींनी तिला शिव्या दिल्या, काही त्या न देताच निघून गेले. पण बाकीचे बसले. कुणी भोपळ्यासारख्या तोंडाचा तो फोटो शोधून लावला. कुणी मिठाच्या केकची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने ती चुकीची आहे म्हणून वाद घातला. 'वाईट झालं, इंदाय.' 'आम्हाला का नाही सांगितलंस, नांग?' अंधार पडेपर्यंत ओळींवर ओळी येत होत्या.

मेल्बाने सगळ्या वाचल्या. एकालाही तिने सलामात लिहिलं नाही. आणि इतक्या माणसांत एकानेही त्याबद्दल विचारलं नाही. वाचता वाचता तिच्या मांडीवर काहीतरी ओलं पडलं, ते काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला.